पुण्यातील बी-12 ची कमतरता: आतड्यात तयार होऊनही शरीराला न मिळणारे जीवनसत्त्व

प्रकरण काय आहे

पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. पुण्याजवळची खेडी, शहरातल्या झोपडपट्ट्या आणि शहरातल्याच मध्यमवर्गीय वस्त्या अशा तीन ठिकाणच्या एकूण 441 मध्यमवयीन पुरुषांच्या रक्तातील बी-12 जीवनसत्त्व त्यांनी मोजले होते. प्रतिलिटर 150 पिकोमोल ही खालची मर्यादा धरली असता 67 टक्के पुरुष तिच्याही खाली आढळले. बी-12 अपुरे पडले की रक्तात साचू लागणारे होमोसिस्टीन हे द्रव्य 58 टक्के पुरुषांमध्ये वाढलेले होते. शहरी मध्यमवर्गाचे आकडे तर आणखी वाईट निघाले. त्यांच्यापैकी 81 टक्के पुरुषांचे बी-12 कमी होते आणि 79 टक्के पुरुषांचे होमोसिस्टीन वाढलेले होते. ज्या घरांत दूध रोज येते, डाळ-भाजीला तोटा नाही आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे, त्या घरांतली ही स्थिती आहे, हे येथे मुद्दाम नोंदवायला हवे, कारण कुपोषण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येते, त्यात ही घरे कोठेच बसत नाहीत.

खेड्यांतील स्त्रियांची माहिती याच संशोधकांच्या दुसऱ्या, दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासातून मिळते. 1990च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू झाला. गरोदर स्त्रियांचा आहार, त्यांचे रक्त आणि पुढे त्यांची मुले यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणारा हा अभ्यास आहे. त्याचा 2008 साली प्रसिद्ध झालेला भाग सांगतो की दोन तृतीयांश मातांचे बी-12 कमी होते आणि 90 टक्के मातांच्या रक्तात मिथाइलमॅलोनिक आम्ल, म्हणजे पेशींना बी-12 कमी पडत असल्याची दुसरी रासायनिक खूण, वाढलेले होते. याउलट, लाल पेशींमधील फोलेट, म्हणजे फॉलिक आम्लाच्या गटातले ब-जीवनसत्त्व, केवळ एका मातेचे कमी भरले. त्यामुळे प्रश्न सर्व जीवनसत्त्वांचा नसून एकाच जीवनसत्त्वाचा आहे, हे येथपर्यंत स्पष्ट होते.

या प्रकरणाचा अभ्यास करण्याचे कारण मात्र वेगळे आहे. बी-12 हे जीवनसत्त्व जिवाणूच तयार करतात आणि असे जिवाणू प्रत्येक माणसाच्या मोठ्या आतड्यात असतात. पुण्यातील त्या 441 पुरुषांच्याही आतड्यात ते असणारच. मग ज्यांच्या पोटातच हे जीवनसत्त्व तयार होते, त्यांच्या रक्तात ते का नाही? 'आतड्यातले चांगले जिवाणू जीवनसत्त्वे बनवतात' हे वाक्य आज दह्याच्या डब्यापासून प्रोबायोटिक कॅप्सूलच्या पाकिटापर्यंत सर्वत्र दिसते. ते खोटे नाही, परंतु बी-12 च्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे पुण्याच्या आकड्यांमध्ये आहे.

हे जीवनसत्त्व कोण बनवते

बी-12 चा रेणू जीवनसत्त्वांमध्ये सर्वांत गुंतागुंतीचा आहे. त्याच्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू असतो आणि त्याच्याभोवती कॉरिन नावाचे कडे असते. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने 1956 साली त्याची रचना उलगडली आणि 1964 साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा रेणू सुरुवातीपासून घडवायला जिवाणूंना सुमारे 30 वितंचकांची (एन्झाइमांची) साखळी चालवावी लागते. अशी साखळी फक्त जिवाणू आणि आर्किया या सूक्ष्मजीवांकडेच आहे. वनस्पतींना बी-12 लागतही नाही आणि त्या ते बनवीतही नाहीत. प्राण्यांना ते लागते, पण बनवता येत नाही. म्हणून दुधातले, अंड्यातले आणि मासळीतले बी-12 हे मुळात कोणत्या ना कोणत्या जिवाणूचेच असते.

मानवी आतड्यातील 256 प्रकारच्या जिवाणूंचे जनुकसंच तपासून, त्यांपैकी कोण कोणते ब-जीवनसत्त्व बनवू शकेल याचा अंदाज मांडणारे एक संशोधन 2015 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार त्यातील सुमारे 42 टक्के जिवाणूंकडे बी-12 बनवण्याची सामग्री आहे. सर्व काही अनुकूल असेल, तर आतड्यातील जिवाणू माणसाच्या रोजच्या गरजेच्या सुमारे 31 टक्के इतके बी-12 पुरवू शकतील, असेही त्या अंदाजात म्हटले आहे. हा आकडा लेखांतून फार उचलला जातो. तो उचलताना हे लक्षात ठेवले पाहिजे की ती जनुकांवरून काढलेली कमाल शक्यता आहे, रक्तात मोजलेले प्रमाण नव्हे. जनुक असणे, ते चालू असणे, त्यातून रेणू तयार होणे आणि तो रेणू माणसाच्या रक्तात पोहोचणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पुण्याचे प्रकरण प्रामुख्याने चौथ्या गोष्टीचे आहे.

शोषणाची जागा

अन्नातून आलेले बी-12 रक्तात कसे जाते, ते थोडे बारकाईने पाहावे लागेल, कारण अडचण नेमकी तेथेच आहे. जठरातील आम्ल आणि पेप्सीन बी-12 ला अन्नातील प्रथिनांपासून सोडवतात. सुटलेले बी-12 लाळेतून आलेल्या हॅप्टोकॉरिन या प्रथिनाला चिकटून पुढे सरकते. लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडाचे पाचकरस हॅप्टोकॉरिनचे विघटन करतात आणि जठराच्या भित्तिकेतील पेशींनी स्रवलेला 'इंट्रिन्सिक फॅक्टर' आता बी-12 ला आपल्यात घेतो. ही जोडी संपूर्ण लहान आतड्यातून तशीच वाहत जाते आणि त्याच्या शेवटच्या भागात पोहोचते. तेथील पेशींच्या पृष्ठभागावर या जोडीला ओळखून धरणारे ग्राही (रिसेप्टर) आहेत. तेथे ती जोडी आत घेतली जाते आणि मग ट्रान्सकोबालामिन या वाहक प्रथिनाबरोबर बी-12 रक्तात उतरते.

लहान आतडे संपले की हे ग्राहीही संपतात. त्यापुढे मोठे आतडे सुरू होते आणि जिवाणूंची खरी दाट वस्ती तेथे आहे. म्हणजे बी-12 घेणारी जागा आधी येते आणि बनवणारी जागा नंतर. शेत वरच्या अंगाला आणि विहीर उताराच्या तळाशी असावी, पाणी भरपूर असावे, पण ते वर चढवायला साधन नसावे, तशी ही रचना आहे. मोठ्या आतड्यात तयार झालेले बी-12 जवळजवळ सर्वच शौचावाटे निघून जाते.

गाय-म्हैस यांच्याकडे ही अडचण नाही, कारण त्यांच्या जिवाणूंची वस्ती पहिल्या कप्प्यात, म्हणजे रुमेनमध्ये असते. चाऱ्यातील कोबाल्ट घेऊन तेथील जिवाणू बी-12 बनवतात आणि ते पुढे शोषणाच्या जागेवरून आपोआप जाते. चराऊ जमिनीत कोबाल्ट कमी असेल, तर त्यावर चरणाऱ्या मेंढ्या खंगतात, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1930च्या दशकात दाखवले, आणि त्याचे मूळ हेच आहे. सशाचे जिवाणू आपल्यासारखेच मागच्या बाजूला असतात, परंतु ससा स्वतःची मऊ विष्ठा पुन्हा खातो आणि ते जीवनसत्त्व दुसऱ्या फेरीत मिळवतो. माणसाला यांपैकी कोणताच मार्ग उपलब्ध नाही.

जागेच्या अडचणीवर आणखी दोन अडचणी चढतात. पहिली रूपाची आहे. जिवाणू बी-12 सारखे दिसणारे अनेक रेणू बनवतात. कॉरिनचे कडे तेच असते, खालच्या बाजूचा जोड वेगळा असतो. माणसाच्या इंट्रिन्सिक फॅक्टरला त्यातील बहुतेक रूपे धरता येत नाहीत. मानवी विष्ठेतील असे रेणू वेगवेगळे करून मोजले असता, 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, त्यांतील खऱ्या कोबालामिनचा, म्हणजे माणसाला उपयोगी पडणाऱ्या बी-12 चा, वाटा 2 टक्क्यांहूनही कमी निघाला. बाकी सारे माणसाच्या दृष्टीने निरुपयोगी होते, जिवाणूंच्या दृष्टीने नव्हे. दुसरी अडचण त्यातूनच येते. आतड्यातील बहुसंख्य जिवाणूंना स्वतःच्या वितंचकांसाठी बी-12 किंवा त्यासारखा रेणू लागतो, पण तो बनवणारे त्या मानाने कमी असतात. त्यामुळे एकाने बनवलेले दुसऱ्याने उचलणे तेथे सतत चाललेले असते. हे जिवाणू आपल्यासाठी जीवनसत्त्व बनवत नाहीत. ते स्वतःसाठी बनवतात. आपल्याला त्यातून काही मिळालेच, तर ते योगायोगाने.

वेल्लोरची शक्यता

येथपर्यंतचे विवेचन वाचून प्रकरण मिटले असे वाटेल, परंतु भारतातच झालेल्या एका संशोधनाने त्यात एक खुंटी मारून ठेवली आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील एम. जे. अल्बर्ट, व्ही. आय. मथन आणि एस. जे. बेकर यांनी 1980 साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. हा गट दक्षिण भारतातील आतड्यांच्या विकारांवर काम करत होता आणि वरवर निरोगी असलेल्या दक्षिण भारतीय माणसांच्या लहान आतड्यातही जिवाणूंची वस्ती चांगलीच मोठी असते, हे त्यांच्या पाहण्यात आले होते. लहान आतड्यातील जिवाणू वेगळे करून ते बी-12 बनवतात का, हे त्यांनी तपासले. स्यूडोमोनास आणि क्लेबसिएला या दोन गटांतील जिवाणू ते लक्षणीय प्रमाणात बनवू शकतात, असे आढळले.

याचे महत्त्व ध्यानात यावे. लहान आतडे शोषणाच्या जागेच्या आधी आहे. तेथे जिवाणूंनी बी-12 बनवले आणि तेथेच इंट्रिन्सिक फॅक्टर हजर असला, तर ते रक्तात जाऊ शकते. शाकाहारी भारतीय माणूस पिढ्यान्‌पिढ्या बी-12 वाचून मरत का नाही, या जुन्या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर त्यातून हाती आले.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये उलट दिशेने पुरावा जमत होता. लंडनच्या वायव्य भागात स्थायिक झालेल्या शाकाहारी हिंदू कुटुंबांमध्ये बी-12 च्या अभावामुळे होणारा मेगालोब्लास्टिक पंडुरोग, म्हणजे लाल पेशी कमी आणि नेहमीपेक्षा मोठ्या होण्याचा विकार, वारंवार आढळतो, हे नॉर्थविक पार्क रुग्णालयातील इयान चॅनारिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली 'लॅन्सेट'मध्ये मांडले. आहार फारसा बदलला नव्हता, देश बदलला होता. म्हणून असे सुचवले गेले की भारतात असताना पाणी, भाजीवरची माती, धान्यातले किडे आणि लहान आतड्यातले जिवाणू यांच्यातून थोडे-थोडे बी-12 मिळत होते, आणि स्वच्छ देशात ते बंद झाले. हे स्पष्टीकरण लोकांना फार पटले, कारण त्यात गोष्टीची रंगत आहे. अस्वच्छता हेच औषध होते असे म्हणण्यात एक खोडकर आनंदही आहे.

पुण्याचे आकडे या स्पष्टीकरणाची कसोटी घेतात

आता पुण्याच्या पाहणीकडे या दृष्टीने पाहता येईल. शहरी मध्यमवर्गात होमोसिस्टीन वाढण्याची शक्यता खेड्यातील पुरुषांच्या तुलनेत 7.6 पट आढळली आणि ती आहाराचा परिणाम वेगळा काढल्यावरही शिल्लक राहिली. स्वच्छतेचे स्पष्टीकरण मानणाऱ्याला हा पुरावा सोयीचा वाटेल: क्लोरीन घातलेले पाणी, धुतलेली भाजी, उकळलेले दूध, आणि त्यामुळे बी-12 ची गळती. पण हे बोलणे घाईचे आहे. पहिले म्हणजे, 7.6 पट हा आकडा होमोसिस्टीनचा आहे आणि होमोसिस्टीन केवळ बी-12 वर ठरत नाही. दुसरे म्हणजे, ही एका वेळची पाहणी आहे आणि तिच्यात कोणाच्याही लहान आतड्यातील जिवाणू तपासलेले नाहीत. तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. खेड्यांतील परिस्थिती जर खरोखरच संरक्षण देत असती, तर सहा गावांतील दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांचे बी-12 कमी का निघाले? विहिरीचे पाणी, शेतातली भाजी, गोठ्याचा शेजार हे सारे त्यांना होते. वेल्लोरच्या निबंधाने सुचवलेला मार्ग अस्तित्वात असेलही, परंतु तो गरज भागवण्याइतका रुंद नाही, असाच निष्कर्ष या आकड्यांवरून काढावा लागतो.

मग लंडनमध्ये पंडुरोग दिसला आणि पुण्यात तो ठळकपणे का दिसला नाही, असे कोणी विचारेल. याचे उत्तर कदाचित जिवाणूंमध्ये नसून फोलेटमध्ये आहे. पालेभाज्या आणि डाळी खाणाऱ्या या स्त्रियांचे फोलेट उत्तम होते, शिवाय गरोदरपणात लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या मिळतात. फोलेट भरपूर असले की बी-12 च्या कमतरतेत लाल पेशी मोठ्या होण्याची नेहमीची खूण झाकली जाते, आणि सोबत लोहाची कमतरता असली तर पेशी उलट लहान होतात. साध्या रक्ततपासणीत काहीच नजरेत भरत नाही. पुण्यातील कमतरता सापडली ती रक्तातील जीवनसत्त्व आणि त्याच्या रासायनिक खुणा थेट मोजल्यामुळे.

आहाराचा वाटा मात्र पाहणीत उघड दिसतो. वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी पुरुषांमध्ये बी-12 कमी असण्याची शक्यता 4.4 पट होती. मोठ्या माणसाची रोजची गरज 2 ते अडीच मायक्रोग्रॅम आहे. 100 मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण 0.4 ते 0.5 मायक्रोग्रॅम बी-12 असते आणि उकळताना त्यातला काही अंश जातो. दिवसातून दोन कप चहात घातलेले दूध आणि जेवणात वाटीभर ताक एवढ्यावर हिशोब जुळत नाही. 'आमच्याकडे दूध असतेच' हे मध्यमवर्गीय घरातले उत्तर म्हणूनच तपासून घ्यावे लागते: किती जणांत, किती, आणि कशात घालून.

दोष शोषणात आहे का

कमतरतेचे आणखी एक कारण तपासल्याशिवाय प्रकरण पुरे होत नाही. या लोकांच्या आतड्यातील शोषणच बिघडलेले असेल, तर आहाराला दोष देणे चूक ठरेल. लहान आतड्यात जिवाणू फार वाढले, तर ते अन्नातले बी-12 माणसाच्या आधी पळवतात, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. आतड्याचा एखादा भाग शस्त्रक्रियेनंतर बंद पिशवीसारखा राहिला की तेथे असे घडते, आणि ट्रॉपिकल स्प्रू या विकारातही असे घडते. वेल्लोरच्या निबंधाची ही दुसरी बाजू आहे. लहान आतड्यातला जिवाणू देणाराही असू शकतो आणि लुटणाराही. त्याच्या केवळ असण्यावरून तो कोणत्या बाजूचा आहे, हे ठरवता येत नाही.

पुण्याच्या गटाने हा प्रश्न सरळ प्रयोगाने हाताळला. बी-12 कमी असलेल्या व्यक्तींना तोंडावाटे बी-12 च्या छोट्या मात्रा देऊन त्यांच्या रक्तातील होलोट्रान्सकोबालामिन आधी आणि नंतर मोजले गेले. होलोट्रान्सकोबालामिन म्हणजे वाहक प्रथिनाला जोडलेले, नुकतेच आतून आलेले बी-12. एकूण बी-12 चा आकडा हलायला वेळ लागतो, कारण त्यात रक्तात आधीपासून फिरणारा मोठा साठा मिसळलेला असतो. होलोट्रान्सकोबालामिन मात्र एका दिवसात वाढते. किरणोत्सर्गी बी-12 देऊन लघवी गोळा करण्याची जुनी शिलिंग चाचणी आता मागे पडली आहे, त्यामुळे या पद्धतीला विशेष अर्थ आहे. बहुतेकांमध्ये ही वाढ व्यवस्थित दिसली. याचा अर्थ त्यांचे जठर, इंट्रिन्सिक फॅक्टर आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग आपापले काम करत होते. ताटातून येणारा माल कमी होता.

हे निदान उपचारानेही पक्के झाले. मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडीतील कुटुंबांना वर्षभर रोज 2 किंवा 10 मायक्रोग्रॅम बी-12 दिलेल्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. दोन्ही मात्रांनी रक्तातील बी-12 वाढले आणि होमोसिस्टीन उतरले. 2 मायक्रोग्रॅम ही औषधाची नव्हे, आहाराची मात्रा आहे. इंजेक्शनाशिवाय, एवढ्या अल्प मात्रेने आकडे सुधारतात, यावरूनही शोषण शाबूत होते असे म्हणता येते. बाजारात मिळणाऱ्या या गोळ्यांतले बी-12 देखील कारखान्यातल्या टाक्यांमध्ये जिवाणू वाढवूनच मिळवलेले असते. आतड्यातल्या जिवाणूंनी नाही, तर टाकीतल्या जिवाणूंनी.

आजच्या पुण्यात शोषणाच्या बाजूनेही एक वेगळी भर पडली आहे, ती औषधांची. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये बी-12 घटते. आम्लपित्तावर वर्षानुवर्षे चालू ठेवलेली पँटोप्राझोल-ओमेप्राझोल गटातील औषधे जठरातील आम्ल कमी करून अन्नातले बी-12 सुटू देत नाहीत. मुळातच काठावर असलेल्या शाकाहारी व्यक्तीला ही दोन्ही औषधे सुरू असणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे. अशा व्यक्तीच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या तर त्या मधुमेहाच्या खात्यावर जमा होतात आणि बी-12 तपासायचे राहून जाते.

एका खुणेविषयी सावधगिरी

मिथाइलमॅलोनिक आम्ल 90 टक्के मातांमध्ये वाढलेले होते, तर बी-12 कमी असलेल्या माता दोन तृतीयांश होत्या. हा फरक का? एक शक्यता अशी की ही खूण अधिक संवेदनशील आहे आणि रक्तातला आकडा पडण्याआधीच पेशींची उपासमार दाखवते. पण येथेही जिवाणू मध्ये येतात. आतड्यातील जिवाणू तंतुमय पदार्थ आंबवून प्रोपिओनेट बनवतात आणि प्रोपिओनेटचा शरीरातील मार्ग मिथाइलमॅलोनिक टप्प्यावरूनच जातो. ज्या मुलांना हा मार्ग अडवणारा जन्मजात विकार असतो, त्यांना आतड्यातील जिवाणू कमी करण्यासाठी मेट्रोनिडॅझोल दिले जाते, ते याचसाठी. भाकरी, डाळी आणि भाज्या हा ज्यांचा मुख्य आहार, त्यांच्या आतड्यात तंतूंचे आंबणे भरपूर चालते. भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला या गटातील जिवाणू विशेष प्रमाणात आढळतात, हे पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या संशोधकांनी 2016 साली दाखवले आहे. म्हणून पाश्चात्त्य लोकसंख्येवर ठरवलेली मिथाइलमॅलोनिक आम्लाची मर्यादा आपल्याकडे जशीच्या तशी लावताना थोडे थांबावे, असे मला वाटते. यामुळे कमतरता खोटी ठरत नाही. होमोसिस्टीनचे उतरणे ती खरी असल्याचे सांगतेच.

इतर जीवनसत्त्वे

बी-12 चा हा अनुभव सर्व जीवनसत्त्वांना लावू नये. मोठ्या आतड्याच्या पेशींवर बायोटिन आणि फोलेट यांचे वाहक आहेत, त्यामुळे जिवाणूंनी तेथे बनवलेला त्यांचा काही भाग रक्तात जाऊ शकतो. के-2 जीवनसत्त्वही जिवाणू बनवतात, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. नवजात बाळाचे आतडे जिवाणूंनी अजून भरलेले नसते, त्याच्या यकृतात साठा नसतो आणि आईच्या दुधात हे जीवनसत्त्व अत्यल्प असते. म्हणून जन्मताच बाळाच्या मांडीत के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात.

दही, ताक, इडलीचे आंबवलेले पीठ यांविषयी विचारणा नेहमी होते. दह्यात बी-12 असते, पण ते मुख्यतः दुधातून आलेले. विरजणातले लॅक्टोबॅसिलस सहसा ते बनवत नाहीत, त्यांच्यातले काही उलट ते खातात. दह्याचे इतर गुण मान्य केले, तरी दह्याने आतड्यातले जिवाणू सुधारतील आणि ते बी-12 पुरवतील ही अपेक्षा वर वर्णन केलेल्या रचनेत कोठेच बसत नाही. स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या गोळ्यांचेही तेच. त्यांतील बहुतेक भाग माणसाला निरुपयोगी असलेल्या रूपाचा असतो, आणि काही प्रयोगशाळा-पद्धतींमध्ये तो खऱ्या बी-12 सारखाच मोजला जातो, म्हणून वेष्टनावरचा आकडा फसवा ठरू शकतो.

मुलांवरील परिणाम आणि पुढची चाचणी

2008च्या निबंधातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग मातांविषयी नव्हे, तर त्यांच्या मुलांविषयी आहे. मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली. गरोदरपणात ज्या मातांचे फोलेट जास्त आणि बी-12 कमी होते, त्यांची मुले इन्सुलिनला सर्वांत जास्त प्रतिरोध दाखवत होती. पुण्याची बाळे जन्मतः वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी टिकवून ठेवलेली असतात, हे याज्ञिकांचे आधीचे निरीक्षण होते. त्याला पोषणाच्या बाजूने हा एक धागा मिळाला. एक जीवनसत्त्व भरपूर देऊन त्याचे जोडीदार जीवनसत्त्व तुटपुंजे ठेवण्याचा परिणाम पुढच्या पिढीच्या चयापचयावर होत असावा, असा त्याचा रोख आहे. अर्थात ही निरीक्षणातून दिसलेली सांगड आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे.

त्या पुराव्यासाठी 2012 साली 'प्रिया' ही चाचणी सुरू झाली. मूळ अभ्यासात जन्मलेली मुले-मुली आता किशोरवयात पोहोचली होती. गर्भधारणेच्या बऱ्याच आधीपासून त्यांना रोज 2 मायक्रोग्रॅम बी-12, एकटे किंवा इतर सूक्ष्मपोषकांसह, देण्यात आले आणि तुलनेसाठी एका गटाला ते दिले गेले नाही. पुढे या मुलींना झालेल्या बाळांची दोन वर्षांच्या वयात विकासचाचणी घेण्यात आली, तेव्हा केवळ बी-12 घेतलेल्या मातांच्या बाळांची आकलन आणि भाषा यांतील कामगिरी सरस आढळली. हे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. दरम्यान शाळांमधून आणि अंगणवाड्यांमधून किशोरवयीन मुलींना दर आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. बी-12 त्या गोळीत नाही.